हबशिणीचा धोंडा

धामणखेडच्या पाटलाच्या घरी रिवाज असा होता की सून घरात यायच्या आधी आणि लेक घरातून जायच्या आधी हबशिणीला पाच खेटरं मारायची. हसू नका. तुमच्याही घरात असलं काहीतरी निघेल, फक्त अजून कोणी खोदून पाहिलेलं नसेल.

हबशीण म्हणजे गावाच्या मावळतीला, पाटलाच्या पंधरा एकरांच्या बांधावर, म्हणजे तिकडच्या बोलीत धुऱ्यावर, उभा असलेला एक काळा धोंडा. उभा तरी कसला, दगडांच्या ढिगातून हातभर वर आलेलं नुसतं डोकं. येणारा-जाणारा एक दगड फेकणार, थुंकणार आणि पुढं जाणार. असे किती पिढ्यांचे दगड त्या ढिगात होते कोणास ठाऊक. लेकरू जेवत नसलं की आया सांगायच्या, हबशीण येईल. गाय आटली, हबशीण. बाई अडली, हबशीण. कपाशीवर कीड पडली तरी नाव त्या धोंड्याचंच. ती कोण, कुठली, मेली कशी, हे विचारायची कोणाला गरज वाटली नव्हती, कारण शिव्या द्यायला एवढी माहिती लागत नाही.

मंजुळाबाई या घरात आली तेव्हा अकरा वर्षांची होती. वऱ्हाड नुकतंच मध्यप्रांताला जोडलं होतं, आता आपला साहेब नागपूरचा, अशी बोलणी तिच्या लग्नाच्या पंगतीत चालली होती. तिला त्यातलं काही कळलं नाही. तिला आठवत होती ती सासू, झुंबरबाई. अंगाची हळद ओली असतानाच सासूनं तिला वेशीवरून परस्पर धुऱ्यावर नेलं, स्वतःच्या पायातलं खेटर काढून तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "मार वं पोरी. पाच वेळा मार आन म्हन, जाय हबशिने जाय, माह्या मागं येऊ नको."

मंजुळेनं डोळे मिटून मारलं. दगडाला काय लागायचं, पण तिचाच हात कोपरापर्यंत झिणझिणला.

पुढं तिची तीन लेकरं गेली. एक गोवरानं, एक दात येताना आणि एक काहीच कारण न देता, सकाळी उठवायला गेली तर गार. दरवेळी झुंबरबाईनं तिला धुऱ्यावर नेलं, कारण लेकरू हबशिणीनं खाल्लं यात घरात कोणाला शंका नव्हती. आता मंजुळाबाईचे डोळे मिटलेले नसायचे. तिसऱ्या वेळी तिनं असं मारलं की खेटराचा अंगठा तुटून उडाला. आईचा राग होता तो, त्याला जायला कुठंतरी जागा पाहिजे होती आणि घरच्यांनी जागा आधीच दाखवून ठेवली होती.

त्याच घराच्या देवघरात, खंडोबाच्या टाकाशेजारी, एक दुसरी बाई राहायची. तिला खुळखुळी माय म्हणायचे. नारळाएवढा एक गोळा, वर लाल कापड घट्ट शिवलेलं, त्यावर कवड्यांची माळ. हलवला की आत खडे वाजायचे. हिला पुरुषांनी हात लावायचा नाही. सासूनं सुनेच्या हातावर हात ठेवून वाजवायला शिकवायचं: तीन ठोके, दम, दोन ठोके, दम, मग एक. सोबत नाकातल्या नाकात एक सूर धरायचा. त्या सुराला शब्द होते, पण त्यांचा अर्थ घरातल्या कोणत्याही बाईला येत नव्हता. पाचवीला वाजवायची आणि लग्नाच्या हळदीला वाजवायची, एवढंच.

मानमोडीच्या साथीत झुंबरबाई दोन दिवसांत गेली. त्यानंतर वर्षभरात शालू झाली. मंजुळाबाईनं सव्वा महिना तिच्या उशाशी बसून खुळखुळी माय वाजवली, हात सुजला तरी वाजवली, आणि शालू जगली. तेव्हापासून मंजुळाबाईच्या मनात पक्कं बसलं होतं की देवघरातली माय देते आणि धुऱ्यावरची हबशीण नेते. एकीपुढं ती रोज डोकं टेकायची आणि दुसरीचं नाव आलं की थुंकायची.

शालू आता सोळाची होती. चार बुकं शिकलेली, कामाला वाघीण, बापाची लाडकी. एकच गोष्ट मंजुळाबाईला खुपायची, ते म्हणजे पोरीचे केस. घट्ट, आखूड, मिऱ्याच्या दाण्यासारखे गोल गोल वळलेले. पाटलांच्या घरातल्या साऱ्या लेकींचे तसेच होते, बाप भगवंतरावांचेही, फक्त ते पागोट्याखाली झाकलेले. सोळा वर्षं मंजुळाबाई शनिवारी-बुधवारी तिळाचं तेल चोपडून ते केस ओढत होती आणि दोन दिवसांत ते पुन्हा आपल्या जागी जाऊन बसत होते.

शालूचं लग्न ठरलं संग्रामपूरकडच्या हिंमतरावांच्या घरात. दोनशे एकराची जमीन, दारात चार बैलजोड्या, मुलगा निर्व्यसनी आणि हसऱ्या तोंडाचा. शालूनं त्याला एकदाच पाहिलं होतं, पण तेव्हापासून ती जात्यावर बसली की ओव्या जरा मोठ्यानं म्हणायची. असं स्थळ पुन्हा मिळणार नाही हे भगवंतराव दिवसातून दोनदा सांगायचे. अडचण होती ती मुलाच्या आईची, अन्नपूर्णाबाईची. तिनं पाटलाच्या हबशिणीबद्दल ऐकलं होतं आणि तीन लेकरांबद्दलही. तिनं निरोप धाडला की लग्नाआधी आठ दिवस मी कुंकू लावायला येईन, तेव्हा पोरीनं माझ्या डोळ्यांदेखत पाच खेटरं मारावीत. ते लचांड आमच्या घरात यायला नको. नाहीतर आमचा नमस्कार.

यात कोणाला काय वावगं वाटणार? रिवाज तर होताच.

अन्नपूर्णाबाई येणार त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. भर दुपार, वैशाखाचं ऊन, सारं गाव दारं लावून पडलेलं. भगवंतराव ओसरीत घोरत होते आणि शालू आत पापड लाटत होती. मंजुळाबाई अंगणात शेवयांच्या काड्या गोळा करत होती, तेवढ्यात दारापाशी आवाज आला. तीन ठोके, दम, दोन ठोके, दम, मग एक.

तिच्या हातातलं सूप खाली पडलं. तिला वाटलं, शालूनं देवघरातली माय काढली. तिनं मागं वळून पाहिलं तर शालू माजघरात, हातात पापड. आवाज बाहेरचा होता. जगात एकच माय आहे आणि ती आपल्या देवघरात आहे, असं बत्तीस वर्षं मानून चाललेल्या बाईला तो आवाज दाराबाहेरून ऐकू यावा.

ती दाराशी गेली. दारात एक बाई उभी होती. उंच, वाळकी, साठीची. काळी, धुऱ्यावरच्या धोंड्यासारखी काळी. डोईवरचा हिरवा पदर घसरलेला आणि खाली केस घट्ट, आखूड, गोल गोल वळलेले. हातात लाल कापडाचा गोळा.

लग्न नऊ दिवसांवर आणि हबशीण स्वतः पायांनी चालत दारात. मंजुळाबाईला दुसरं काय वाटणार? तिनं पायातली वहाण काढली आणि हात उगारला.

बाई हलली नाही. तिला उगारलेल्या हातांची सवय असावी. म्हणाली, "मारू नको बाई. मी भूत नाय. फकीरनी हाय मैं, भडोचकडची. नाव हाजराबी. माईच्या नावाचं मागते. दे, नको देऊ, तेरी मर्जी." अर्धी मराठी, अर्धी हिंदी, खानदेशातून पायी फिरत आलेली बोली.

मंजुळाबाईचा हात वरच राहिला. तिनं विचारलं, "हे तुह्याजवळ कुठून आलं?"

"ये? ये तो माई हाय. माझ्या आजीची."

मंजुळाबाईनं वहाण खाली टाकली. पुढं तिनं जे केलं ते शुद्धीत केलं असतं की नाही, देव जाणे. ती तडक देवघरात गेली, खुळखुळी माय उचलली, बाहेर आणली आणि परक्या, जातीबाहेरच्या बाईच्या पुढं धरली. हाजराबीनं पाहिलं. कापडाची शिवण पाहिली, कवड्यांची माळ पाहिली, आणि ती उंबऱ्याच्या बाहेर धुळीतच बसली.

"वाजव," ती म्हणाली.

मंजुळाबाईनं वाजवली आणि सवयीनं नाकात सूर धरला. दोन ओळी झाल्यावर तिला नेहमीसारखं थांबावं लागलं, कारण सासूनं तेवढंच शिकवलं होतं. तिथून पुढचं हाजराबीनं म्हटलं. तोच सूर, तेच न कळणारे शब्द, आणखी चार ओळी. मंजुळाबाई माय हातात धरून ऐकत राहिली. शालू दाराआडून पाहत होती, तीही पापड धरून तशीच उभी राहिली.

"याचा मतलब काय हाये?" मंजुळाबाईनं विचारलं.

"मला नाय मालूम. माझ्या आजीला पण नव्हता. आमची माणसं समुद्राच्या पल्याडची, बाई. कोणी विकून आणली, कोणी लढाईला आणली. कोणी इथं सरदार झाले, मोठे झाले. बोली गेली, गाव गेलं, नावं गेली. हे राहिलं. मतलब नाय समजला तरी सोडायचं नाय, एवढं आजी सांगून गेली." मग ती शालूच्या डोक्याकडं बघून हसली. बत्तीशी दिसेपर्यंत हसली. "आणि तू किती तेल घाल, ते केस पण नाय सोडणार."

मंजुळाबाईला ते हसणं झोंबलं. "तोंड सांभाळ. आमी पाटील हाओत. हे आमच्या कुळाची माय हाये."

"हाय ना. मी कुठं नाय म्हणते? पण माई बाहेर देत नाय कोणी. सासू सुनेला देते, घरच्या घरात. जिथं माई हाय तिथं आमची कोणीतरी येऊन राहिली, तिथं मेली, तिथंच निजली. आमच्यात तिला घराच्या मावळतीला निजवतात. समुद्राकडं." हाजराबीनं विचारलं तेव्हा तिच्या मनात काही कपट नव्हतं. "तुमच्या मावळतीला कोण निजलीय, बाई?"

मंजुळाबाईच्या हातातली माय एकाएकी जड झाली. तिनं शालूला दटावून आत पिटाळलं, दार ओढून घेतलं आणि डोक्यावर पदर घेऊन त्या उन्हात चालायला लागली. हाजराबी काही न विचारता मागून.

धुऱ्यावर पोचल्यावर दोघींनी ढिगाचे दगड काढायला सुरुवात केली. दगड तापलेले होते, बोटं भाजत होती. मंजुळाबाई मनात खंडोबाला सांगत होती, काही निघू नको देऊ, नुसता धोंडा निघू दे. कंबरेएवढा ढीग उपसला तेव्हा धोंड्याच्या मावळतीच्या अंगाला कोरलेली बाई दिसली. कडेवर मूल. केसांच्या जागी कारागिरानं एकाला एक लागून बारीक बारीक गोळे कोरलेले. आणि वर उचललेल्या उजव्या हातात एक गोल वस्तू, तिच्यावर कवड्यांची माळ.

मंजुळाबाईनं कमरेच्या ओच्यात बांधलेली खुळखुळी माय काढली आणि दगडातल्या मायेशेजारी धरली. कवड्या मोजल्या. इथं अकरा, तिथं अकरा.

ती धुऱ्यावरच खाली बसली. जिच्यापुढं रोज डोकं टेकलं तिलाच तिनं खेटरानं मारलं होतं. लेकरांच्या नावानं मारलं होतं. हाजराबीनं तिच्या पाठीवर हात ठेवला तर ती किंचाळली, "हात नको लावू मले."

मग भानावर आली आणि पहिली गोष्ट तिनं कोणती केली? दगड परत लोटले. आईच ती. उद्या अन्नपूर्णाबाई येणार होती. जमतील तेवढे दगड दोन्ही हातांनी ओढून तिनं ती कोरलेली बाई झाकली आणि हाजराबीला हात जोडले. "तू जाय बाई. तुले ज्वारी देतो, लुगडं देतो. पन या गावात थांबू नको. माह्या पोरीचं लगन हाये."

"जाईन," हाजराबी म्हणाली. "ज्वारी नको."

संध्याकाळी जेवताना मंजुळाबाईनं भगवंतरावांना सांगितलं. शालूला शेजारी कुरडया द्यायला पाठवलं होतं. भगवंतरावांचा घास हातात राहिला. गडी मोठा, आवाजाचा, पण त्या वेळी तो म्हाताऱ्यासारखा बसलेला दिसला. त्यांनी पागोटं काढून बाजूला ठेवलं आणि स्वतःच्या केसांतून हात फिरवला.

"कोनाले बोलली?"

"नाई."

"मंग बोलू पन नको. जन्मभर बोलू नको. कुळाले बट्टा लागला तर या पोरीले कोन करन? पाच खेटरं तं हायेत. आजवर एवढे पडले, अजून पाच. दगडाले काय समजते?"

"दगडाले नसन समजत," मंजुळाबाई म्हणाली, "मले समजते ना."

"तू तोंड मिटून उभी राह्य. तुले येवढंच करा लागते."

आणि तिनं ठरवलं, तोंड मिटून उभं राहायचं. लेकीच्या सुखासाठी बाया काय काय गिळतात, हे एक जास्तीचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दमणी आली. अन्नपूर्णाबाई उतरली, सोबत तिची जाऊ मनकर्णाबाई. अन्नपूर्णाबाई वाईट बाई नव्हती, हे सांगून ठेवतो. तिनं शालूसाठी हिरवी पैठणी आणली होती, गालावर हात फिरवून कडाकडा बोटं मोडली, तिच्या हातची भाकर कौतुकानं खाल्ली. तिलाही एकच मुलगा होता. पानसुपारी झाल्यावर म्हणाली, "चाला इहीनबाई, थे काम उरकून टाकू. ऊन व्हाच्या आंदी."

चौघी निघाल्या. शालू नव्या पैठणीत, हातात आईचं खेटर. मंजुळाबाई मागं मागं राहत होती. वाटेत ती स्वतःला सांगत होती, पाचच, मोजायला किती वेळ लागतो, एक, दोन, तीन.

वळण घेतलं आणि समोर पाहून ती थांबली. ढीग नव्हता. रात्रीतून कोणीतरी सारे दगड उपसून शेतात ओळीनं मांडले होते आणि धोंडा पायापासून डोक्यापर्यंत उघडा, पाण्यानं धुतलेला, सकाळच्या उन्हात उभा होता. त्याच्या शेजारी पाय पसरून हाजराबी बसली होती. बोटं सोललेली, नखांत माती.

मनकर्णाबाईची दातखीळ बसायची बाकी होती. अन्नपूर्णाबाईनं जावेचा हात घट्ट धरला. "हे कोन हाये?"

"फकीरनी," हाजराबी उठत म्हणाली. मंजुळाबाईकडं पाहून हळूच बोलली, "जाणार होते बाई. पाय नाय निघाला. इतकी वर्षं एकटी हाय बिचारी, म्हटलं एक रात सोबत करू." आणि ती बाजूला झाली. "तुमचं काय हाय ते करा. मी मधी नाय येत."

"मार वं शालू," अन्नपूर्णाबाई घाईनं म्हणाली. भीतीनं तिचा आवाज चिरकला होता. "मार आन चाल इथून. मले हे लक्षन बरं नाई दिसून राह्यलं."

शालूनं आईकडं पाहिलं. कालपासून तिला कळत होतं की आई काहीतरी दडवते आहे. मंजुळाबाईनं मान खाली घातली. शालूनं खेटर उचललं. "जाय हबशिने जाय, माह्या मागं येऊ नको," ती म्हणाली आणि तिनं मारलं.

चामड्याचा आवाज झाला. हाजराबीनं डोळे मिटले आणि आपला गाल धरला, जणू तिच्याच गालावर बसलं. मंजुळाबाईनं ते पाहिलं. मग तिची नजर गेली दगडातल्या बाईच्या कडेवरच्या पोराकडं. खेटर नेमकं त्याच्या तोंडावर लागलं होतं, तिथं धूळ उमटली होती. तीन लेकरं पुरलेली बाई ती. दुसऱ्यांदा हात उचलला गेला तेव्हा मंजुळाबाई मध्ये पडली. तिनं धोंड्याला मिठी मारली आणि लेकीचा दुसरा फटका तिच्या पाठीत बसला.

"माय," शालू ओरडली. खेटर गळून पडलं.

"मार," मंजुळाबाई धोंड्याला धरूनच म्हणाली. "मले मार. मीच लय मारलं हिले. हे हबशीन नाई वं शालू. म्हंजे हबशीनच हाये, पन तुही आजी हाये. तुह्या बापाच्या रगतातली. देवघरातली माय आन हे एकच हाये. तुह्या डोक्शावरचे केस हिनंच देल्ले."

शेतावरून टिटवी ओरडत गेली. अन्नपूर्णाबाई एकदा दगडातल्या बाईच्या केसांकडं पाहत होती, एकदा हाजराबीच्या आणि एकदा आपल्या होणाऱ्या सुनेच्या.

शालू खाली बसली होती, आईला उठवायला. म्हणून तिलाच ते दिसलं. काल जिथपर्यंत मंजुळाबाईनं उपसलं नव्हतं तिथं, कोरलेल्या बाईच्या पायांखाली, अक्षरं होती. झिजलेली, पण बाळबोध. तिनं पैठणीच्या पदरानं ती पुसली आणि शाळेत वाचतात तशी एकेक अक्षर लावून वाचायला लागली.

"रायाजी मोकदम याची माता. जातीची हबसीण." ती थांबली. रायाजी म्हणजे त्यांचा मूळपुरुष, ज्यानं गावची पाटीलकी मिळवली. ज्याच्या नावानं दरवर्षी पितरांना पहिलं पान वाढतात. मग तिनं पुढं वाचलं.

"लेकी सुना येतील त्यांनी पायतण उतरून हाती घ्यावे. पाच वेळ हात लावावा."

मंजुळाबाईनं डोकं वर उचललं. "काय म्हनली? पुन्हा वाच."

शालूनं पुन्हा वाचलं. पायतण उतरून हाती घ्यावे. पाच वेळ हात लावावा. मान म्हणून हातात घ्यायचं पायताण कोणत्या पिढीत, कोणत्या सुनेच्या हातात उलटं झालं, कोण सांगणार? वाचता कोणाला येत नव्हतं. पाच तेवढे पाचच राहिले होते.

"अजून हाये," शालू म्हणाली. आता ती रडत होती. "माय परमुलखीची. एकटी ठेऊ नये."

हाजराबीला वाचता येत नव्हतं, पण ऐकता येत होतं. तिनं तोंडात पदर कोंबला.

अन्नपूर्णाबाईनं जावेला खूण केली. जाताना ती मंजुळाबाईजवळ थांबली, तिच्या पाठीवरची धूळ झटकावी म्हणून हात पुढं केला आणि अर्ध्यावरच मागं घेतला. "पोरगी चांगली हाये तुमची," ती म्हणाली. "पन मले माह्या घरात सांगता नाई येनार हे. लुगडं राहू द्या तिले." थोड्या वेळानं गावाकडून दमणीच्या घुंगरांचा आवाज आला, मग तोही कमी कमी होत संग्रामपूरच्या वाटेनं गेला.

लग्न मोडलं होतं. शालूनं तो आवाज पूर्ण संपेपर्यंत ऐकला. मंजुळाबाईला वाटलं, आता पोरगी आपल्याला बोलेल, बोलायलाच पाहिजे, सोन्यासारखं स्थळ आपल्या हातानं घालवलं. शालूनं पायातल्या नव्या वहाणा काढल्या, डाव्या हातात घेतल्या आणि उजवा हात धोंड्यावर ठेवला. एक. उचलून पुन्हा ठेवला. दोन. दगडातल्या पोराच्या तोंडावरची धूळ तिनं तिसऱ्या वेळी पुसली. पाच झाल्यावर ती बाजूला झाली आणि आईकडं पाहत उभी राहिली.

मंजुळाबाई पुढं झाली. पहिले पाच हात सून म्हणून आली तेव्हाचे. पुढचे पाच गोवरानं गेलेल्या लेकराचे. मग दात येताना गेलेल्याचे. मग जो काहीच कारण न देता गेला त्याचे. वीस झाले. वीसच मारली होती तिनं, पण ती थांबेना. पाठीमागं हाजराबीनं माई वाजवायला घेतली, तीन ठोके, दम, दोन ठोके, दम, एक. शालूनं दोन-तीनदा हाक मारली, "माय, झाले ना. चाल घरी."

"तू जाय पुढं," मंजुळाबाई म्हणाली. "सैपाक लाव. मी बसतो इथं थोडा वेळ हिच्यापाशी."